सिझेरियननंतरचे पहिले तास: नर्सचं लक्ष कशावर असतं?

बाळ रडलं, टाके घालून झाले, बाळंतिणीला थिएटरबाहेर आणलं, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. नर्सच्या दृष्टीने मात्र सर्वांत जोखमीचे तास इथूनच सुरू होतात.

दिवस भरत आलेल्या गर्भपिशवीला मिनिटाला सुमारे 500 ते 700 मिलिलिटर रक्त पुरवलं जातं. वार सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांची तोंडं टाक्यांनी बंद होत नाहीत. गर्भपिशवीचा स्नायू आकसतो, त्याचे आडवेतिडवे तंतू वाहिन्यांना आवळतात, तेव्हा रक्त थांबतं. स्नायू सैल पडला तर टाके कितीही उत्तम असोत, रक्त जातच राहतं. गर्भपिशवी आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनची सलाइन लावतात ती यासाठी.

म्हणून सुरुवातीला दर 15 मिनिटांनी नर्स पोटावर हात ठेवते. टाक्यांवर दाब येऊ नये म्हणून हात कुशीकडून मध्याकडे नेते. बेंबीच्या आसपास आकसलेल्या गर्भपिशवीचा कडक गोळा लागला की ठीक. मऊ लागला किंवा सापडलाच नाही, तर तिथेच गोलाकार चोळायला सुरुवात करायची आणि चोळता चोळताच डॉक्टरांना हाक मारायची. हे दुखतं, का करतोय ते बाळंतिणीला आधीच सांगितलेलं असलं की ती बरंच सहन करते.

गोळा बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेला असेल, तर आधी लघवीच्या नळीकडे बघावं. भरलेलं मूत्राशय गर्भपिशवीला वर ढकलतं आणि नीट आकसू देत नाही. पुष्कळदा नळी मांडीखाली दबलेली किंवा मुडपलेली असते. ती सरळ केली की पिशवीत लघवी भराभर उतरते आणि गोळा जागेवर येतो. नळी मोकळी असूनही तासाला 30 मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल, तर शरीरात रक्त किंवा पाणी कमी पडल्याची शंका घ्यावी. लघवी लाल दिसली तर मूत्राशयाला इजा झाली असू शकते. दोन्ही वेळा डॉक्टरांना लगेच कळवायचं.

सर्वांत फसवा आकडा बीपीचा. गरोदरपणात शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकून राहतं. नाडी त्याआधीच वाढू लागते. नाडीच्या ठोक्यांना वरच्या बीपीने भागून पाहावं: नाडी 106 आणि बीपी 110 असेल, तर उत्तर 0.96. आकडा 0.9 च्या वर गेला की सावध व्हायचं. नुसतं बीपी बघून ‘प्रकृती स्थिर’ लिहिणं धोक्याचं आहे.

गेलेलं रक्तही डोळ्यांना कमीच वाटतं. पॅड वरून कोरडा दिसतो आणि रक्त ओघळून कमरेखाली साचलेलं असतं. म्हणून दर वेळी कुशीवर वळवून खालची चादर बघायची. भिजलेल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा करायचं. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर रक्त. शस्त्रक्रियेपासूनची बेरीज 1,000 मिलिलिटरवर गेली की तो अतिरक्तस्राव. मात्र नाडी बिघडत असेल तर त्या आकड्याची वाट पाहायची नाही. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडसारखं रक्तस्राव रोखणारं औषध बाळंतपणापासून 3 तासांच्या आत दिलं तरच कामाचं. शिवाय पोटाच्या आत होणारा रक्तस्राव पॅडवर दिसतच नाही, आणि पाठीतून दिलेल्या भुलेचा अंमल असेपर्यंत वेदनाही जाणवत नाही. ‘मला काही दुखत नाही’ या उत्तरावर तेव्हा विसंबता येत नाही.

पायांत ताकद परतली की बाळंतिणीला लवकर चालवायचं. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. आधी काठावर बसवून पाय खाली सोडायला सांगायचं, चक्कर नसेल तरच उभं करायचं. उभं राहताच साचलेलं गडद रक्त एकदम येतं आणि थांबतं. त्याला घाबरायचं कारण नाही. लालभडक धार चालूच राहिली, तर परत झोपवून गर्भपिशवी तपासायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर चालवणं तिथेच थांबवायचं.