स्वच्छमंडल प्रतिरोपण : जोखमीचे डोळे

बुबुळावरचे पारदर्शक स्वच्छमंडल (कॉर्निया) गढूळ झाल्यास त्याजागी मृत दात्याचे बसवतात. निरोगी स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसल्याने प्रतिकारयंत्रणेला परक्या ऊतकाचा सुगावा सहसा लागत नाही. ज्या डोळ्यांत हे संरक्षण उरलेले नसते ते जोखमीचे: चारपैकी दोन वा अधिक चतुर्थांशांत खोल रक्तवाहिन्या शिरलेले किंवा आधीचे रोपण शरीराने परके मानून नाकारलेले. सोलापूरसारख्या ऊस-ज्वारीच्या भागात उसाचे पाते वा मळणीचे भुसकट लागून होणारा बुरशीचा व्रण आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांना होणारी इजा ही डोळा असा होण्याची परिचित कारणे.

पहिले यशस्वी पूर्ण जाडीचे रोपण नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स (आजचे चेकिया) येथे केले. रुग्णाचे डोळे चुन्यानेच भाजलेले होते; दोनपैकी एकच रोपण टिकले. भारतातील पहिल्या रोपणाचे श्रेय बहुधा इंदूरच्या धांडा यांना (१९६०) देतात; मद्रासची नेत्रपेढी १९४५ची असल्याने ते निर्विवाद मानता येत नाही.

दात्याशी ऊतक-जुळणी करावी का, हा जुना वाद. अमेरिकेतील १९९२च्या बहुकेंद्री अभ्यासात एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणीचा फायदा दिसला नाही. रक्तगट जुळण्याचा मात्र काहीसा दिसला. ब्रिटनमधील अभ्यासाने एचएलएच्या पहिल्या वर्गाच्या जुळणीच्या बाजूने कौल दिला, पण दुसऱ्या वर्गातल्या डीआर खुणा जुळलेल्या रोपणांत नकार उलट वाढलेला आढळला. रोपणासाठी स्वच्छमंडले आधीच अपुरी. जुळणीसाठी थांबण्यापेक्षा डोळा आधी शांत केल्याने अधिक पदरात पडते.

म्हणजे दाह शमल्यावर काही महिने थांबणे, रक्तवाहिन्या बारीक सुईने डागणे वा त्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब टोचणे, स्वच्छमंडलाच्या कडेच्या, त्याचा वरचा थर नव्याने घडवणाऱ्या मूलपेशी नष्ट झाल्या असल्यास त्या आधी रोपणे, हर्पिस विषाणूचा संसर्ग असल्यास त्यावरचे असायक्लोव्हिर चालू ठेवणे. अंतःस्तर (स्वच्छमंडलाचा सर्वांत आतला पेशीथर) निरोगी असल्यास तो राखून पुढचेच थर बदलतात. अंतःस्तराचा नकार हा सर्वांत घातक प्रकार त्यामुळे टळतो. रक्तवाहिन्या असलेल्या डोळ्यात १०-० या अतिबारीक नायलॉन धाग्याचे सुटे टाके घालतात, कारण सैल झालेला टाका रक्तवाहिनी ओढून आणतो आणि तो एकटा काढता आला पाहिजे.

अंतःस्तराचा नकार सुरू झाला की प्रतिकारपेशींची रेघ रक्तवाहिनी असलेल्या कडेकडून अंतःस्तरावर सरकताना दिसू शकते. लाली, ठणका, उजेड सहन न होणे, अंधुकपणा यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी दाखवणे आवश्यक. स्टिरॉइडचे थेंब तासातासाला सुरू करावे लागतात. मंगळवेढा वा अक्कलकोटच्या रुग्णाची तपासणी सुगीत चुकते, हा धोका कोणत्याही जुळणीने भरून निघत नाही. सायक्लोस्पोरीन, टॅक्रोलिमस वा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पोटात देताना रक्ततपासणी लागते. वारंवार अपयश आल्यास कृत्रिम स्वच्छमंडल बसवतात; त्यात काचबिंदू व जंतुसंसर्गाची टांगती तलवार कायम राहते.