सूर्याची खरखर: रडारपासून कल्याणपर्यंत

सूर्यावरून रेडिओ लहरींचे स्फोट येतात हे पहिल्यांदा लक्षात आलं ते दुसऱ्या महायुद्धात, रडारवर. १२ फेब्रुवारी १९४२ ला जर्मनीच्या शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या युद्धनौका ब्रिटिश रडार जॅम करत (म्हणजे मुद्दाम खरखर पाठवून आंधळे करत) इंग्लिश खाडीतून निसटल्या, त्यामुळे जॅमिंगची धास्तीच बसली होती, आणि तक्रारी तपासायचं काम होतं जेम्स स्टॅनली हेय यांच्याकडे, जे आधी शाळेत फिजिक्स शिकवायचे. महिनाअखेरीस विमानविरोधी तोफांच्या रडारवर, ४ ते ६ मीटर वेव्हलेंग्थला, इतकी खरखर सुरू झाली की काही दिसेना, पण हल्ला काही झाला नाही. हेय यांनी ठिकठिकाणच्या ऑपरेटर्सनी दिलेल्या दिशा जुळवून बघितल्या तर सगळ्या सूर्याकडे, आणि सूर्य सरकेल तशा त्याही सरकतायत! ग्रिनिच वेधशाळेकडे विचारलं तर सूर्याच्या मधोमध डागांचा मोठा गट आलेला होता. युद्धामुळे हे गुपित राहिलं, छापून आलं थेट १९४६ ला.

पुढचं काम ऑस्ट्रेलियात झालं, आणि इथे तिथल्या रेडिओ शास्त्रज्ञ रूबी पेन-स्कॉट यांचं नाव घ्यायलाच हवं. ८ मार्च १९४७ चा मोठा स्फोट त्यांच्या टीमने पकडला, तो आधी २०० मेगाहर्ट्झवर दिसला, मग १०० वर, मग ६० वर, मध्ये काही मिनिटांचं अंतर. मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, कारण सूर्याच्या वातावरणात प्लाझ्मा (इतका तापलेला वायू की इलेक्ट्रॉन सुटे झालेत) जितका दाट तितकी त्याची स्वतःची कंपनांची फ्रीक्वेन्सी जास्त, आणि वर जावं तसा तो विरळ होतो, म्हणजे फ्रीक्वेन्सी उतरतेय याचा अर्थ काहीतरी वर वर चाललंय. (लग्न झालेल्या बाईला कायम सरकारी नोकरी नाही असा तिथला नियम होता, १९५१ ला बाळ होणार म्हणून पेन-स्कॉटना काम सोडावं लागलं. फार वाईट वाटतं.)

१९५० ला पॉल वाइल्ड आणि मॅक्क्रीडी यांनी स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रीक्वेन्सीवर किती आवाज) बघून या स्फोटांचे टाइप १, २, ३ असे प्रकार पाडले. टाइप ३ म्हणजे फ्लेअरमधून (सूर्यावरच्या अचानक भडक्यातून) सुटलेले, प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने पळणारे इलेक्ट्रॉन, ते जाताना प्लाझ्माला हलवतात आणि त्या कंपनांतली थोडी ऊर्जा रेडिओ लहरी होऊन बाहेर पडते; १९५८ ला गिन्झबर्ग आणि झेलेझ्न्याकोव्ह यांनी याची थिअरी मांडली. टाइप २ ची फ्रीक्वेन्सी हळू उतरते, तो शॉक वेव्हचा, म्हणजे प्लाझ्मातून वर जाणाऱ्या धक्क्याच्या लाटेचा.

१९५८ लाच आपले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि ॲलन मॅक्सवेल यांनी टाइप यू दाखवला, इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीवरून वर जाऊन परत खाली येतात म्हणून फ्रीक्वेन्सी उतरून पुन्हा चढते. स्वरूप त्याआधी सिडनीत याच ऑस्ट्रेलियन मंडळींबरोबर शिकले होते, आणि तिथल्या पॉट्स हिलच्या ३२ छोट्या डिश पुढे भारताला भेट मिळाल्या, त्याच डिश १९६५ ला कल्याणला उभ्या राहिल्या, ६१० मेगाहर्ट्झवर, सूर्यच बघायला. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश त्यांनीच नंतर उभारल्या.