ताप उतरला तरी गुठळीचा धोका संपत नाही

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, अवघ्या दोन आठवड्यांत, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयसमूहात पन्नाशीच्या आतले ५ जण पक्षाघाताने दाखल झाले. पाचही जणांना कोविड होता आणि मेंदूची मोठी रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने बंद झाली होती. एरवी तिथे या वयाचा असा रुग्ण दोन आठवड्यांत सरासरी एकही येत नसे. त्यांतली ३३ वर्षांची तरुणी तर जीभ जड झालेली आणि डावा हात-पाय लुळा पडत चाललेला असतानाही २८ तास घरीच थांबली, कारण संसर्गाच्या भीतीने दवाखान्याची पायरी चढवेना. हे वाचून आजही जीव हळहळतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

विषाणू फुप्फुसातला, मग मेंदूत गुठळी का? रक्तवाहिनीचे आतले अस्तर निरोगी असले की रक्त वाहते राहते. संसर्गाने त्याला सूज आली की ते चिकट प्रथिने सोडते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिथे जमू लागतात. पांढऱ्या पेशी जंतूंना अडकवायला स्वतःच्या डीएनएचे जाळे फेकतात. त्यातही प्लेटलेट गुंततात. भरीला यकृत फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारे प्रथिन वाढवते. जंतूला कोंडण्यासाठीची ही शरीराचीच तयारी, पण ती हाताबाहेर गेली की रक्तवाहिनीच तुंबते.

हे ताप उतरल्यावर लगेच शमत नाही. स्वीडनमधल्या १० लाखांहून अधिक कोविडबाधितांच्या २०२२ च्या अभ्यासात पायाच्या शिरेतल्या गुठळीचा धोका ३ महिने, तर फुप्फुसातल्या गुठळीचा ६ महिने वाढलेला दिसला. घरीच बरे झालेलेही त्यातून सुटले नव्हते.

कोविडच कशाला, फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो. नागिणीचा विषाणू तर मज्जातंतूवरून थेट मेंदूच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकतो. म्हणून डोळ्याभोवती उठलेली नागीण अंगावर काढू नये.

अशा आजारानंतर एकाच पोटरीला सूज आली, अचानक धाप लागली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर वय न बघता तडक रुग्णालय गाठा. आणि रक्त पातळ राहावे म्हणून मनाने ॲस्पिरिन मुळीच घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे ताप डेंग्यूचाही असतो. त्यात प्लेटलेट घटतात आणि ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो.