कोंबड्याचा काटा आणि कडकनाथचं रक्त

कोंबडा दोन वर्षांचा झाला की त्याच्या नडगीमागच्या काट्याच्या खुणा सगळ्यात आधी माद्यांच्या अंगावर दिसतात. जोडीच्या वेळी काटा कुशीत रुततो, पिसं झडतात, कातडी फाटते. आपण खान्देशात अशी पाठ सोललेली कोंबडी पाहून रोगाची औषधं शोधतो आणि कोंबड्याच्या पायाकडे कोणी बघतच नाही.

काट्याच्या आत पायाच्या हाडाला जुळलेलं जिवंत हाड असतं. त्यात रक्त असतं, वेदनाही असते. त्यावर केराटिनचं कठीण टोपण चढलेलं असतं; आपली नखं आणि गाईची शिंगं याच द्रव्याची. हे टोपण जन्मभर वाढतं, आणि पुढे पुढे गेलेलं टोक निर्जीव असतं. म्हणून कापायचं ते फक्त टोक.

काटा ही नरपणाची खूण, असं आपण धरून चालतो. पण खच्ची केलेल्या कोंबड्यालाही काटा येतो. मादीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक तो दाबून ठेवतं. अंडाशय निकामी झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीला म्हणूनच कधीकधी चांगला काटा फुटतो, क्वचित ती आरवतेही. तिला अपशकुनी ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

काटा बोथट करायचं काम अंधार पडल्यावर करावं. पक्षी शांत असतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी धरलेला कोंबडा नुसत्या धापेनेच मरू शकतो. टॉवेलात गुंडाळा, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. पाय धरून उलटं टांगणंही याच कारणाने वाईट. मग काट्यामागे मोबाइलची बॅटरी लावा. फिकट काट्यात आतला लालसर गाभा दिसतो. त्याच्या बरंच अलीकडे थांबून टोक कानशीने घासा किंवा कुत्र्याच्या नखांच्या कात्रीने थोडं थोडं उतरवा. घाई झालीच आणि रक्त आलं, तर तुरटीची पूड लावून काही मिनिटं दाबून धरा. दोन किलोच्या कोंबड्यात रक्त सगळं मिळून साधारण दीडशे मिली, त्यामुळे धार थांबत नसेल तर सकाळची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. गरम बटाटा खोचून टोपण पिळून काढायचा उपाय काही जण सांगतात. तो करू नका. पाय भाजतो आणि आतलं हाड उघडं पडतं.

कडकनाथ या आतूनही काळ्या असणाऱ्या जातीच्या काट्यातून मात्र उजेड आरपार जात नाही, तो काळाच असतो. तिथे कात्री नकोच. कानशीने टोकाची धार मोडली तरी पुरे.

आणि कडकनाथ म्हटलं की सातपुड्याच्या पायथ्याला लगेच दुसरा प्रश्न येतो: हा अस्सल आहे का? मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाबुआ नंदुरबारहून काही फार लांब नाही, त्यामुळे बाजारात काळ्या पिसांचा प्रत्येक कोंबडा कडकनाथ म्हणून खपवला जातो. पिसं बघून काहीच कळत नाही. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, तुरा बघा, पिसं फुंकून कातडी बघा. गुलाबी टाळू, पांढरी नडगी, नडगीवर पिसं किंवा पाचवं बोट दिसलं तर भेसळ समजा. वाकडी बोटं किंवा वाकडं छातीचं हाड असेल तर थांबून विचार करा. अंडी उबवताना बिघडलेलं तापमान, खाद्यात ब-2 जीवनसत्त्वाची उणीव, कोवळ्या वयात बारीक दांडीवर बसणं, यांनीही ते होतं. तो दोष बहुतेक वेळा आपल्या सांभाळण्यातला असतो. तिरकी चोच मात्र आनुवंशिकही असू शकते, असा नर पैदाशीला ठेवू नये. काट्याची लांबी हा दोषच नाही, ते वय आहे.

पण काळी जीभही पूर्ण खात्री देत नाही. अंग आतून काळं करणारं जनुक प्रबळ आहे, एकाच पालकाकडून आलं तरी रंग चढतो. त्याला दाबणारं दुसरं जनुक लिंगसूत्रावर, म्हणजे लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, आणि आई आपलं ते लिंगसूत्र फक्त मुलग्यांना देते. लेकींना ते बापाकडूनच मिळतं, म्हणून नराची परीक्षा त्याच्या लेकींवरून घ्यावी. शंका असलेला कोंबडा साध्या, गोऱ्या कातडीच्या गावरान कोंबड्यांवर सोडा आणि पिल्लं मोठी होऊ द्या. नरांकडे लक्ष देऊ नका, त्यांच्यात आईचा रंग मिसळतो. मादी पिल्लांची टाळू तपासा. बाप भेसळीचा असेल तर निदान निम्म्या लेकी फिक्या निघायला हव्यात. तसं असूनही आठच्या आठ काळ्या निघण्याची शक्यता 256 मध्ये एक. ही परीक्षा रंगापुरती आहे. बांधा, अंडी, काटकपणा यांसाठी कळप वेगळा पाहावा लागेल. पण एक फिकी लेक जरी निघाली, तरी तो नर अस्सल म्हणून विकू नये.