टाका दिसत नाही, पण जखम असते

'रोबोटने घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं की दुखत नाही, दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी सुरू', हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. रोबोट स्वतः कापत नाही. कन्सोलवर, म्हणजे बाजूच्या नियंत्रण-यंत्रावर बसलेले सर्जन त्याचे हात चालवतात. वाट तोंडातून, म्हणून घशासाठी बाहेर टाका नसतो. पण टॉन्सिलपाशी किंवा जिभेच्या मुळाशी जखम बहुधा उघडीच ठेवतात, ती आतून भरत येते. त्यामुळे दोन-तीन आठवडे गिळताना कानापर्यंत कळ जाते. काहींना अन्नासाठी नाकातून नळीही लागते. तिथला पांढरट-पिवळा थर बहुधा पू नसतो, भरणाऱ्या जखमेवरचा पापुद्रा असतो. खरवडू नका. ताजं रक्त दिसलं तर मात्र, थोडं असलं तरी, तडक हॉस्पिटल गाठा. खात्री करायचीय? डिस्चार्ज कार्डावरचा आहार वाचा, आणि पोळी कधीपासून ते सर्जनना सरळ विचारा.