बेरिॲट्रिक सर्जरी : आधीची तयारी आणि नंतरचं खाणंपिणं

बेरिॲट्रिक सर्जरी म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर, आणि काही प्रकारांत लहान आतड्यावरही, केलं जाणारं ऑपरेशन. बोलताना लोक "वजनाचं ऑपरेशन" किंवा "पोट छोटं करायचं ऑपरेशन" म्हणतात आणि बरेच जण याला लायपोसक्शन समजतात, ते साफ चूक. लायपोसक्शनमध्ये त्वचेखालची चरबी ओढून काढतात, इथे चरबीला हातही लावत नाहीत, खाल्लेलं अन्न जिथे जातं ती जागाच बदलून टाकतात. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, पोटावर चार-पाच छोटी भोकं, तास-दोन तासांचं काम, आणि सगळं सुरळीत असेल तर पेशंट दोन-तीन दिवसांत घरी. खरी मेहनत त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आणि नंतर जन्मभर असते, म्हणून या नोंदीत टाके-स्टेपलर कमी आणि वरण-भात जास्त आहे.

कुणाची करतात

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास पहिल्यांदा केलं, दुर्बिणीतून बायपास १९९० च्या दशकात सुरू झालं. बराच काळ नियम १९९१ चा चालला, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत डायबिटीस, बीपी, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांसारखा आजार. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे खाली आणलं, आता ३५ असेल तर दुसरा आजार नसला तरी चालतो, ३० च्या वर डायबिटीस असेल तर विचार करा, आणि आशियाई लोकांसाठी आकडे आणखी कमी धरा कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावरची चरबी आणि साखर लवकर येते, २५ च्या वर लठ्ठपणाच समजा आणि २७.५ च्या वर ऑपरेशन सुचवा. आकडा कसा काढायचा तर किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ९६ किलो असेल तर ३७.५.

आता गंमत अशी की इन्शुरन्सवाले मात्र जुन्याच आकड्यांवर आहेत. आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्सवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या शब्दांत बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा औषधांनी आटोक्यात न येणारा टाइप २ डायबिटीस, वय १८ पूर्ण, आणि आधी साधे उपाय करून झालेले पाहिजेत असं आहे. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या बाईला डॉक्टर हो म्हणतील आणि टीपीए (इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी) नाही म्हणेल असं होऊ शकतं. डाएटिशियनच्या जुन्या फायली, जिमच्या पावत्या, साखरेचे रिपोर्ट टाकून देऊ नयेत ते याच्यासाठी, "आधी प्रयत्न केले होते" हे कागदावर दाखवावं लागतं. पॉलिसीतला वेटिंग पिरियड बघायचाच.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्यात हे ऑपरेशन गेली वीसेक वर्षं रुळलेलं आहे. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत करून घेतलं तेव्हा घराघरात त्याची चर्चा झाली, त्याआधी हे श्रीमंतांचे चोचले असंच लोकांना वाटायचं.

प्रकार थोडक्यात

सगळ्यात जास्त होतं ते स्लीव्ह. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते, जो भाग जातो तिथेच भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन सगळ्यात जास्त तयार होतं म्हणून सुरुवातीचे काही महिने भूकच फारशी लागत नाही. बायपासमध्ये वरती साधारण ३० मिलीची छोटी पिशवी ठेवून तिला खालचं आतडं जोडतात, काही कापून टाकत नाहीत, डायबिटीस आणि जुनी ॲसिडिटी असेल तर हे बरं पडतं. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो, भारतात ते बरंच चालतं. जठराच्या वरच्या भागाभोवती बँड लावायची पद्धत जवळजवळ मागे पडली.

तयारी

तपासण्यांची यादी बघून माणूस घाबरतो. रक्ताच्या नेहमीच्या टेस्ट, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, लिव्हर, आयर्न, बी१२, डी३, मग सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, ईसीजी, टूडी इको, आणि घोरणाऱ्यांना स्लीप स्टडी. प्रत्येकाला कारण आहे. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसतात, एन्डोस्कोपीत हर्निया किंवा एच पायलोरी जंतू सापडला तर आधी त्याचा इलाज, स्लीप ॲप्निया निघाला तर काही आठवडे रात्री सीपॅप (मास्कमधून हवा देणारं) मशीन लावून झोपायचं म्हणजे भूल देताना धोका कमी. बी१२ आणि डी३ आपल्याकडे, त्यातून शाकाहारी घरात, आधीच तळाला असतं, ते ऑपरेशनच्या आधी भरून काढलं नाही तर नंतर भरून काढणं अवघड जातं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं की बरेच जण चिडतात, मला काय वेड लागलंय का. तिथे विचारतात ते एवढंच की रात्री उठून खाता का, टेन्शन आलं की खाता का, दारू किती, आणि घरात स्वयंपाक कोण करतं. शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण नंतरचे दोन महिने त्या माणसाच्या जिवावर काढायचे असतात.

सिगरेट, तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते ती मशेरी. गावाकडच्या बायकांना ती दात घासायची वस्तू वाटते, तंबाखू वाटतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारलं की खरं मनाने "नाही" सांगतात, आणि बायपासनंतर जोडावर अल्सर व्हायला निकोटीन कुठल्या वाटेने आलं याने काही फरक पडत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीने त्या साधारण महिनाभर आधी थांबवायला सांगतात, रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या काही गोळ्याही बदलतात किंवा बंद करतात, पण हे सगळं डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही.

मग येतो लिव्हर डाएट. जठराचा वरचा भाग लिव्हरच्या डाव्या बाजूच्या मागे दडलेला असतो, सर्जनला तिथे पोचायला ते उचलून धरावं लागतं, आणि जास्त वजनाच्या माणसात फॅटी लिव्हर जवळजवळ ठरलेलंच, ते फुगलेलं, जड, उचलताना रक्त येऊ शकतं. म्हणून ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरीवर ठेवतात, प्रोटीन शेक, ताक, सूप, उकडलेल्या भाज्या, भात-पोळी-साखर बंद. लिव्हरमध्ये साठवलेली साखर, तिला धरून असलेलं पाणी आणि थोडी चरबी निघून जाते आणि ते आक्रसतं. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, मग सवय होते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी डोस कमी करून घ्यायला पाहिजे नाहीतर साखर एकदम खाली जाते. बऱ्याच जणांना तारीख मिळाली की उरकून घ्यायची घाई होते, आता परत कधी मिळणार म्हणून मिसळ, बिर्याणी, मस्तानी, रोज एक पार्टी, आणि ज्या लिव्हरला लहान करायचं तेच नेमकं मोठं करून टेबलावर झोपतात. असं लिव्हर आड येत असेल तर सर्जनला ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं.

याच दिवसांत खायची प्रॅक्टिस सुरू करायची. चमच्याने खायचं, छोटा घास, वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवण अर्धा तास चालवायचं, आणि जेवताना पाणी नाही. हे शेवटचं आपल्याला फार जड जातं, ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ठसका लागला की हात तिकडेच जातो. सोडा, कोल्ड्रिंक तेव्हापासूनच बंद.

पहिले सहा आठवडे

ऑपरेशनच्या संध्याकाळीच उठवून चालवतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून, आणि तीन बॉलचं श्वासाच्या व्यायामाचं मशीन देतात, श्वास ओढून बॉल वर न्यायचे. मग पाणी. औषधाच्या बाटलीचं ३० मिलीचं झाकण भरून दर पंधरा मिनिटांनी, तेही एकदम नाही, घोट घोट. सवयीने कुणी नेहमीसारखा मोठा घोट घेतला की छातीच्या मधोमध कळ येते आणि परत तसं करायची हिंमत होत नाही.

पहिले दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, डाळीचं वरचं पाणी, पातळ ताक. मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, व्हे प्रोटीन, गाळलेलं वरण, अशी सगळी पातळ वस्तू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, घोटलेलं वरण, दुधीची पेस्ट, दही. पाचव्या-सहाव्यात मऊ, म्हणजे पाणीदार मुगाची खिचडी, कुस्करलेलं पनीर, अंड्याची भुर्जी तेलाशिवाय, वाफवलेला मासा काटे काढून. हॉस्पिटलनुसार आठवडे मागेपुढे होतात, आपल्याला दिलेला कागद हाच खरा. पण घाई मात्र कुठेच चालत नाही, जठर कापून स्टेपल मारलेली लाइन भरून यायला वेळ लागतो, ताप, छाती धडधडणं किंवा डाव्या खांद्यात दुखणं सुरू झालं तर लीक, म्हणजे त्या लाइनमधून गळती, असू शकते आणि तेव्हा घरी ओवा चावत बसायचं नसतं, थेट हॉस्पिटल गाठायचं.

घास, पोळी आणि प्रोटीन

नंतरचा नियम एका वाक्यात सांगतात : आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. आपल्या ताटात नेमकं उलटं असतं, मधे भाताची मूद, पोळ्यांची चळत आणि कडेला वाटीभर वरण. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच. जठरात एका वेळी अर्धी वाटी मावत असेल तर नुसत्या वरणावर हा आकडा गाठणं शक्यच नाही, म्हणून शाकाहारी लोकांना पावडर टाळता येत नाही, मग घरच्या मोठ्यांनी "ते जिमवाल्यांचं औषध" म्हणून कितीही नाक मुरडलं तरी.

पोळी ही सगळ्यात त्रासाची, आणि हे कुणाला आधी खरं वाटत नाही. नीट न चावलेली पोळी आत जाऊन गोळा होते आणि अरुंद जागेत अडकते. मग छातीत दाबल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, फेसाळ लाळ येत राहते, माणूस ताटावरून उठून येरझारा घालायला लागतो आणि शेवटी तो घास तसाच परत येतो. मोकळा भातही काहींना फुगल्यासारखा होतो, पाव तर जास्तच. भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करली तर बहुतेकांना जमते. पोट भरल्याची खूणही बदलते, काहींना उचकी लागते, काहींचं नाक वाहायला लागतं, शिंक येते, ती आली की चमचा खाली. त्यावर एक घास जास्त घेतला की ओकारी.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, पण जेवणाच्या अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर नाही, म्हणजे दिवसभर बाटली हातात घेऊन सिप सिप करत राहायचं.

गोड, आग्रह, उपास

बायपासवाल्यांना गोड खाल्लं की डंपिंग होऊ शकतं. श्रीखंड, जिलबी, आमरस असं काही आतड्यात झपकन उतरलं की दहा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, आडवं पडावंसं वाटतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी, साखर आधी चढते मग धाडकन उतरते, हात थरथरतात. स्लीव्हमध्ये हे कमी होतं, आणि तिथेच स्लीव्हवाले फसतात, कारण उकडीचा मोदक, बिस्किट, आइस्क्रीम, चिवडा हे सगळं नळीतून सहज सरकतं, पोट भरत नाही, दिवसभर थोडं थोडं खात राहिलं तरी काही त्रास नाही. वजन परत येतं ते बहुतेक वेळा या वाटेने, ताटातल्या जेवणाने नाही.

पंगतीतला आग्रह हा वेगळाच विषय. "एवढंसंच वाढलंय, संपव बरं" म्हणणाऱ्या मावशीला जठराची मापं समजावण्यात अर्थ नसतो, पित्ताचं ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं की सुटका होते असं बरेच जण सांगतात, आणि खोटं असलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

उपासाचं मात्र गंभीर आहे. निर्जळी उपास पहिलं वर्षभर तरी नकोच, अंगातलं पाणी कमी पडतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, वर चिकट. संकष्टी, एकादशी सोडवत नसेल तर ताक, दूध, पनीर आणि नंतरच्या काळात नीट चावून शेंगदाणे.

दारू लवकर आणि जास्त चढते, विशेषतः बायपासनंतर, आणि जेवणाची सवय सुटून दारूची लागणारे लोकही असतात.

गोळ्या आणि फॉलोअप

मल्टिव्हिटॅमिन जन्मभर. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम तुकड्यातुकड्यात, आयर्नची गोळी त्यापासून दोन तास लांब आणि चहापासूनही लांब. बी१२ गोळीने किंवा महिन्याच्या इंजेक्शनने. बायपासनंतर डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, अल्सर होतो, पॅरासिटामॉल चालतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस पुंजक्याने गळतात, बायका घाबरून तेलं बदलत बसतात, पण ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं, प्रोटीन पुरेसं आहे ना एवढं बघायचं. वजन भराभर उतरताना पित्ताचे खडे होतात, म्हणून सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. पीसीओएसमुळे (अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडामुळे) पाळी न येणाऱ्या मुलींची पाळी सुरू होते आणि दिवस राहू शकतात, तर ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळायला सांगतात.

रक्त तपासणी पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी. वजन उतरलं की लोक यायचे थांबतात, आणि बी१२ कमी झाल्याचं कळतं ते पायाला मुंग्या येऊन चालताना तोल जायला लागल्यावर. सतत उलट्या होत असतील तर बी१ म्हणजे थायमिन झपाट्याने संपतं आणि मेंदूला इजा होते, अशा पेशंटला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, पण गावातल्या दवाखान्यात पोट छोटं केलेलं आहे हे माहीत नसलं तर अशक्त दिसला म्हणून आधी ग्लुकोजच लावतात. डिस्चार्ज कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगतात ते यासाठीच.