तापी खाली, वावर वर : खानदेशच्या सपाटीची पार्श्वभूमी

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना समोर जे पसरलेलं दिसतं, त्याला सगळे सरसकट ‘सपाट’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्याने घोटाळा होतो. घाटमाथ्यावरचा मराठवाडा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे. जळगाव-भुसावळ जेमतेम दोनशेच्या घरात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि या सगळ्यांच्या मधली ही लांबट खोलगट पट्टी म्हणजे खानदेश. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्यात या कमी उंचीचा मोठा हात आहे. पावसाचं गणितही इथेच फसतं. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन पुढे येतात. त्यामुळे धुळे, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक समाधानी असतात.

दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. तापी उलटी, पश्चिमेला. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. याचं कारण जमिनीखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे सातपुड्याच्या पायथ्याला समांतर अशा भेगांवरून जमिनीचा एक पट्टा खचला आणि नदीला आयती वाट मिळाली. नंतर लाखो वर्षं डोंगरातून वाहून येणारी माती, वाळू, गोटे या खचलेल्या भागात साचत गेले. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. म्हणून चोपडा, यावल, रावेर भागात विहीर खणताना खडक लागेल याची वाट पाहत बसायचं नसतं. उलट बांधकाम केलं नाही तर विहीर ढासळते. तापीच्या दक्षिणेला, धुळे-साक्रीकडे मात्र चार हातांवर पाषाण. तिथे उभ्या भेगांत लाव्हा गोठून तयार झालेल्या, शास्त्रज्ञ ज्यांना डाईक म्हणतात त्या काळ्या दगडी भिंती मैलोन् मैल माळरानातून गेलेल्या दिसतात. त्यांतल्या काही जमिनीखालचं पाणी अडवतात, काही वाहून नेतात. एका शेताला पाणी आणि शेजारच्याला खडखडाट, हा प्रकार कधी कधी या भिंतींमुळे होतो.

माझ्या मते खानदेशाचा इतिहास समजून घ्यायचा तर सपाटीपेक्षा नदीच्या खोलीकडे बघायला हवं. तापीने आपल्याच गाळात खोल चर पाडला आहे. काठावर उभं राहिलं तर पाणी पार खाली. समोरच्या दरडीत पिवळसर मातीचा जाड थर, मध्येच गोट्यांचा पट्टा, चुनखडीचे पांढरे खडे, वर पुन्हा माती, आणि सगळ्यात वर हातभर-दोन हात काळी. काठालगत घळी पडून जमीन फाटत गेली आहे, ती वेगळीच. एवढी मोठी नदी दाराशी असून तिचं पाणी पाटाने शेतात आणणं जुन्या काळात जमलं नाही. बांध घालावा तर काठ उंच आणि पायाला भक्कम खडक क्वचितच.

पाटपाण्याची हुशारी वाढली ती लहान नद्यांवर. पांझरा, मोसम, आरम यांच्या पात्रात खडक वर येतो आणि काठ ठेंगणे आहेत. त्यावर दगड-चुन्याचे बंधारे बांधून उभी राहिली ती फड पद्धत. किमान तीन-चारशे वर्षांपासून ती चालत आली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एका वर्षी ऊस, पुढे दुसरं. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी, त्यामुळे पाणी मिळालं तर सगळ्यांना, तुटलं तरी सगळ्यांचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायची नाहीत. पिकाची राखण जागल्या करायचा, देखरेख हवालदार, आणि मेहनताना धान्यात. कागदावरची सहकारी तत्त्वं बरीच नंतर आली. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याच्या-त्याच्या विहिरीवर मोटर बसली, आणि फडाचं एकमत विरत गेलं.

तापीच्या उत्तर काठावर दुसरीच युक्ती. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड पट्टा आहे. डोंगरातून येणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांचं पाणी तिथे जमिनीत मुरतं. फारुकी सुलतानांच्या जुन्या खानदेशात याच काठावरचं, आज मध्य प्रदेशात असलेलं बुऱ्हाणपूर ही राजधानी होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर ते मोगलांचं मोठं ठाणं झालं. सुरतेहून उत्तरेकडे जाणारा व्यापार या सपाट वाटेने येऊन असीरगडाजवळच्या खिंडीतून सातपुडा ओलांडायचा. आजची भुसावळ-खांडवा रेल्वेही साधारण त्याच बाजूने जाते. या शहराला पाणी पुरवायला १६१५ च्या सुमारास पायथ्याचं मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, जागोजागी कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, खणून आणलं. तोच कुंडी भंडारा. तापी शहराला खेटून वाहते, तरी पाणी डोंगराकडून आणावं लागलं!

काळ्या जमिनीचं मोल ठरवण्यावरून तर भांडण पेटलं. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे मातीचा रंग, खोली, पोत पाहून प्रत लावायची आणि त्यावर सारा बसवायचा, अशी मोजणी सुरू झाली. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत शेतकरी तिच्याविरुद्ध जमले. मोजणी म्हणजे सारावाढ, हा त्यांचा संशय. फौज आणून विरोध मोडला आणि मोजणीच्या साखळ्या पुन्हा वावरात फिरू लागल्या. दहा वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले, रेल्वे भुसावळपर्यंत आली, आणि पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवणारी हीच काळी माती कोरडवाहू कापसासाठी सोन्याची ठरली. उन्हाळ्यात मात्र तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात.

गावठाणाची माती वेगळी, पांढरी. तिच्यातली खारी माती धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर पसरतात. ओली झाली की ती घट्ट बसते, पाणी खाली उतरत नाही. कोकणात असं छप्पर एक श्रावण टिकणार नाही. इथे पिढ्यान् पिढ्या चाललं, यावरून पावसाचा अंदाज करावा.

विसाव्या शतकात विजेची मोटर आली आणि पायथ्याच्या मुरलेल्या पाण्यावर केळीचा पट्टा वाढला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण चारशे वर्षांपूर्वी बोगद्यांतून आपसूक वाहणारं पाणी आता शेकडो फुटांच्या बोअरमधून ओढावं लागतं. पायथ्यात पुन्हा पाणी मुरवण्यासाठी तापीवर खाऱ्या घुटीजवळ मोठ्या पुनर्भरणाची योजना आहे; २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तिचा करार केला. शिरपूर तालुक्यात भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकरांनी त्याआधीच नाले रुंद-खोल करून साखळी बंधाऱ्यांनी पाणी मुरवायचा प्रयोग चालवला होता. त्याची नक्कल राज्यभर झाली. मात्र गाळाच्या जमिनीत जे चालतं ते कातळावर तसंच चालेलच असं नाही, हे नक्कल करताना बऱ्याच ठिकाणी विसरलं गेलं.

तापीच्या खोल पात्राचा उपयोग शेवटी बॅरेजसाठी, म्हणजे दारांच्या बंधाऱ्यांसाठी, झाला. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे इथे दारं टाकली की पाणी बहुतांशी दरडींच्या आतच साठतं, फारशी गावं बुडत नाहीत. मग ते वर चढवायचं कसं? तापीकाठच्या सहकारी उपसा योजना त्यासाठीच निघाल्या; नंदुरबार-शहाद्याकडच्या अनेक वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. सुलवाडे-जामफळ योजनेचं भूमिपूजन २०१९ मध्ये झालं. तिच्यातही नदीचं पाणी पंपांनी उचलून जामफळच्या धरणात टाकायचं आणि तिथून शिंदखेडा-धुळ्याच्या कोरडवाहू वावरांकडे न्यायचं आहे. म्हणजे पाण्याइतकीच चिंता विजेच्या बिलाची.